वधस्तंभाचा अर्थ : बलिदान आणि पापक्षमेविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा आढावा

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गावातली काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, आणि ख्रिस्ती मिशनमध्ये असे खाणेपिणे तेव्हा धर्मबाह्य मानले जाई. त्या चहाचे प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. लोकमान्य टिळकांनी आपण ते काशीत घेतल्याचे सांगितले. मराठी माणसाच्या मनात ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचे चित्र आजही हेच आहे. ज्याच्या हातून चूक घडली त्यानेच काहीतरी करायचे, मग ते पंचगव्य असो, कृच्छ्र असो वा चांद्रायण. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीतला प्रायश्चित्ताध्याय याच समजुतीवर उभे आहेत.

त्याच पंचहौदच्या देवळात मात्र या शब्दाचा रोख वेगळा होता. मराठी पवित्र शास्त्रात येशू ख्रिस्ताच्या मरणाला प्रायश्चित्त म्हटले आहे. तिथे पाप करणारा एक आणि प्रायश्चित्त घडवणारा दुसरा. एकाचे पाप दुसऱ्याच्या मरणाने कसे फिटते, हा प्रश्न त्यामुळे मराठी वाचकाला लगेच पडतो. ख्रिस्ती विचारवंतांनाही तो पहिल्यापासून पडत आला आहे आणि त्यांची उत्तरे एक नाहीत. या मतभेदांची गाठ मला एका ठिकाणी दिसते : हे बलिदान कोणाकडे तोंड करून आहे? देवाकडे, सैतानाकडे, माणसाकडे, की पाप नावाच्या डागाकडे?

मंदिरातला विधी

या विचाराचे मूळ जेरुसलेमच्या मंदिरात आहे. लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, म्हणजे योम किप्पुरचा विधी दिला आहे. वर्षातून एकदा महायाजक परमपवित्रस्थानात जाई. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एक बकरा देवासाठी कापला जाई आणि कराराच्या कोशावरच्या सोन्याच्या झाकणावर त्याचे रक्त शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे उच्चारी आणि तो बकरा जिवंतच रानात सोडून दिला जाई.

या विधीत एक गोष्ट अशी आहे की ती नीट पाहिली तर पुढचा बराच वाद वेगळा दिसू लागतो. जो बकरा पापे वाहून नेतो तो कापला जात नाही, आणि जो कापला जातो त्याच्या डोक्यावर पापे ठेवली जात नाहीत. मग रक्त कशासाठी? ज्यू अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात मांडले की हे रक्त धुण्यासाठी आहे. लोकांच्या पापांचा मळ दूरवरूनही मंदिरावर साचतो. तो काढला नाही, तर देव तिथे राहणार नाही. म्हणून ज्या अर्पणाला आपण पापार्पण म्हणतो त्याला मिलग्रोम शुद्धीचे अर्पण म्हणतात. रक्तात जीव असतो, आणि मरणाचा मळ जीवानेच निघतो. पशूला माणसाऐवजी शिक्षा होते ही कल्पना त्यांना या विधीत दिसत नाही. सर्वांना हे पटलेले नाही. बळीच्या डोक्यावर हात ठेवणे म्हणजे आपली जागा त्याला देणे, असे मानणारे अभ्यासक आजही आहेत.

आणखी दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. ज्या गरिबाला दोन पारवेसुद्धा परवडत नसत, त्याच्याकडून पापार्पण म्हणून एफा या मापाचा दहावा भाग सपीठ चालत असे, म्हणजे रक्ताचा थेंबही लागत नसे. उलट, जाणूनबुजून उर्मटपणे केलेल्या पापासाठी मोशेच्या नियमशास्त्रात सहसा अर्पणच नव्हते. अर्पण केले की क्षमा मिळाली, असा सरळ हिशेब तिथेही नव्हता. होशेय, आमोस, यशया आणि मीखा या संदेष्ट्यांनी न्याय आणि दया यांच्यावाचून केलेल्या अर्पणांवर कडक कोरडे ओढले आहेत. इसवी सन ७०मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडले आणि अर्पणे थांबली. त्यानंतर यहुदी धर्म पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म या मार्गाने पुढे गेला, आणि ख्रिस्ती लोक एकाच मरणाकडे बोट दाखवू लागले.

नव्या करारातली अनेक चित्रे

येशू आपल्या पापांसाठी मरण पावला, ही शिकवण आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. म्हणजे त्याच्या पत्रापूर्वीच, वधस्तंभाच्या घटनेनंतर दोनेक दशकांच्या आत, ती रुळलेली होती. पण ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ नव्या कराराने एका सूत्रात बांधलेला नाही. मार्ककृत शुभवर्तमानात खंडणीचे चित्र आहे, म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी भरलेल्या मोलाचे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू वल्हांडणाच्या कोकराशी जोडला जातो. वल्हांडणाचे कोकरू मुळात पापासाठी नव्हते, ते गुलामीतून सुटकेचे होते. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात समेट आहे, कलस्सैकरांच्या पत्रात सत्ताधीशांवरचा विजय आहे. इब्री लोकांस पत्रात येशू स्वतःच याजक आणि स्वतःच अर्पण आहे. या सगळ्यांच्या मागे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला, दुसऱ्यांचे दुःख वाहणारा सेवक उभा आहे.

सर्वांत जास्त खल झाला आहे तो रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या एका ग्रीक शब्दावर. तो शब्द हिलास्टेरिऑन. ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३१मध्ये म्हटले की त्याचा अर्थ पाप पुसणे असा घ्यावा, देवाचा क्रोध शमवणे असा घेऊ नये. लिऑन मॉरिस यांनी १९५५मध्ये त्यांना सविस्तर उत्तर दिले : रोमकरांस पत्राचे आधीचे दोन अध्याय देवाच्या क्रोधाविषयीच आहेत, तो वगळून पुढे जाता येणार नाही. पण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द कोशावरच्या त्या सोन्याच्या झाकणासाठी येतो. मराठीत त्या झाकणाला ‘दयासन’ असा सुंदर शब्द आहे. पौलाच्या मनात ते झाकण असेल, तर तो येशूला अर्पण म्हणण्याऐवजी देव आणि माणूस यांच्या भेटीची जागा म्हणतो आहे. मला हा अर्थ अधिक जवळचा वाटतो, पण वाद मिटलेला नाही.

पहिली हजार वर्षे

३२५ची निकियाची आणि ४५१ची खल्किदोनची परिषद ख्रिस्त कोण यावर झगडल्या. त्याच्या मरणाने तारण नेमके कसे घडते, हे सातही सार्वत्रिक परिषदांनी व्याख्येत बसवले नाही. निकियाच्या श्रद्धासूत्रात त्या मरणाविषयी फक्त ‘आमच्यासाठी’ एवढेच आहे. या आढाव्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी मानतो. तारण झाले यावर एकमत आणि ते कसे झाले यावर मोकळीक, अशी ही सुरुवात होती.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिऑनच्या आयरेनियसने सांगितले की आदामाने जे बिघडवले ते ख्रिस्ताने माणसाचे सारे आयुष्य पुन्हा जगून सावरले. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने भर दिला मरणाधीनतेवर. माणूस कुजत चालला होता, त्याच्यात पुन्हा जीवन ओतण्यासाठी देवाचा शब्द देहात आला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचा कल आजही इकडेच आहे. पाप हा गुन्हा आहे त्यापेक्षा तो आजार अधिक आहे, आणि तारण म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होणे.

त्याच काळात खंडणीचे चित्र लांबवत नेले गेले. खंडणी भरली कोणाला? ऑरिजेनने सैतानाचे नाव घेतले. निसाच्या ग्रेगरीने गळाचा दृष्टान्त दिला : देहाचे आमिष पाहून सैतानाने तोंड घातले आणि आत दडलेल्या देवत्वाच्या गळाला तो लागला. नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र याने अस्वस्थ झाला. लुटारूला मोल द्यायचे, तेही देवानेच? आणि पित्याला दिले म्हणावे, तर आपण त्याच्या कैदेत नव्हतो, शिवाय बापाने अर्पायला नेलेल्या इसहाकाचा बळीही त्याने घेतला नव्हता. त्याने प्रश्न नेमका मांडला आणि मोठा भाग मौनावर सोडला.

मान, प्रेम आणि कायदा

पश्चिमेकडे विचाराला वळण दिले कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म याने. देव माणूस का झाला, या प्रश्नावरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १०९८मध्ये इटलीत, विजनवासात पूर्ण झाला. सैतानाचा माणसावर काही हक्क होता, हेच त्याने नाकारले. पाप म्हणजे देवाला देणे असलेला मान न देणे. हे ऋण अमर्याद आहे. फेडायला हवे माणसाने, फेडू शकतो फक्त देव, म्हणून फेडणारा देवही हवा आणि माणूसही. सरंजामी समाजातल्या इभ्रतीची छाया या मांडणीवर आहे असे अनेक जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच्यावर एक अन्यायही सतत होतो. अ‍ॅन्सेल्मने शिक्षा आणि भरपाई हे दोन वेगळे पर्याय मानले होते. ख्रिस्ताने भरपाई केली, त्यामुळे शिक्षेची गरज उरली नाही. ख्रिस्ताला आपली शिक्षा झाली, हे त्याचे म्हणणे नव्हे.

पुढच्याच पिढीत पीटर अबेलार्डने विचारले की निरपराध्याच्या रक्ताची मागणी देवाला कशी शोभेल. ख्रिस्ताचे मरण हे देवाच्या प्रेमाचे असे दर्शन आहे की ते पाहून माणसाच्या अंतःकरणात उलट प्रेम पेटते, असे त्याने लिहिले. क्लेरव्होच्या बर्नार्डने त्याच्यावर कडाडून टीका केली. नुसत्या उदाहरणाने बुडणारा वर येत नाही, हा त्या टीकेचा गाभा आजही तितकाच वजनदार आहे.

सोळाव्या शतकात भाषा न्यायालयाची झाली. धर्मसुधारक ल्यूथरने नियमशास्त्राच्या शापावर बोट ठेवले. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्व्हिनने न्यायाधीश, दोषी आणि दोषीच्या जागी उभा राहणारा निर्दोष हे चित्र पक्के केले. शिक्षा टळत नाही, ती दुसरा सोसतो. प्रोटेस्टंट प्रवचनांतून, गीतांतून आणि पुढे मिशनऱ्यांच्या पत्रकांतून हेच चित्र जगभर गेले. सोसिनसने १५९४च्या ग्रंथात त्यावर दुहेरी आक्षेप घेतला : ऋण वसूल झाले असेल तर त्याला क्षमा कशी म्हणायची, आणि गुन्ह्याची शिक्षा पैशासारखी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाईल? डच कायदेपंडित ग्रोशियसने १६१७मध्ये उत्तर दिले की देव इथे सावकार नाही, राज्यकर्ता आहे. राज्याची घडी टिकवण्यासाठी त्याने पापाचे गांभीर्य जाहीरपणे दाखवले. दोनच वर्षांत, १६१८-१९च्या डॉर्टच्या धर्मसभेत दुसरा वाद भडकला. हे मरण सर्वांसाठी आहे की देवाने निवडलेल्यांसाठी? निवडलेल्यांसाठी म्हणणाऱ्या सुधारणावादी आणि सर्वांसाठी म्हणणाऱ्या आर्मिनियन मंडळ्यांत तो अजून आहे.

वेदीवरचे बलिदान

वसईतला कॅथलिक ‘मिस्साबलिदान’ म्हणतो आणि अहमदनगरकडचा प्रोटेस्टंट ‘प्रभुभोजन’ म्हणतो. या दोन शब्दांमध्ये चारशे वर्षांचे भांडण आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६२मध्ये ठरवले की मिस्सा हे खरे बलिदान आहे, वधस्तंभावरच्या त्याच बलिदानाचे रक्तहीन सादरीकरण. प्रोटेस्टंट सुधारकांना त्यात एकदाच झालेल्या अर्पणाची पुनरावृत्ती दिसली आणि ती त्यांना असह्य वाटली. अलीकडे हे अंतर बरेच कमी झाले आहे. अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींचे १९७१चे निवेदन आणि जागतिक चर्च परिषदेचा १९८२चा लिमा दस्तऐवज, दोन्ही ‘स्मरण’ या बायबली कल्पनेवर उभे आहेत. त्या स्मरणात भूतकाळ नुसता आठवला जात नाही, तो आज परिणाम करतो. पुनरावृत्तीचा आरोप आता बरेच जाणकार करत नाहीत.

विसाव्या शतकापासूनचे प्रश्न

स्वीडनच्या गुस्ताफ औलेन यांनी १९३०मध्ये जुन्या विजयाच्या चित्राला पुन्हा प्रतिष्ठा दिली. पाप, मरण आणि सैतान यांच्यावर देवाने मिळवलेला विजय हीच मूळ ख्रिस्ती धारणा, असे ते म्हणत. दोन महायुद्धे पाहिलेल्या युरोपाला ती भाषा जवळची वाटली. १९७२मध्ये युर्गेन मोल्टमान यांनी वधस्तंभावरचे दुःख थेट देवाच्या अंतःकरणात नेले. त्याच वर्षी रेने जिरार यांनी बळी आणि हिंसा यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. समाज आपली आपसांतली हिंसा एका निरपराध्यावर लोटून शांतता मिळवतो, ही त्यांची मांडणी. पुढे त्यांनी म्हटले की शुभवर्तमाने ही यंत्रणा उघडी पाडतात, कारण ती कथा बळीच्या बाजूने सांगतात. ख्रिस्ताच्या मरणाला बलिदान म्हणायलाच ते आधी तयार नव्हते. हा नकार त्यांनी नंतर सौम्य केला.

सर्वांत टोकदार प्रश्न स्त्रियांकडून आणि दडपलेल्या समाजांकडून आले. जोअन कार्लसन ब्राउन आणि रेबेका पार्कर यांनी १९८९मध्ये विचारले : मुकाट सोसणे हेच तारक, असे शिकवणारा धर्म मार खाणाऱ्या बाईला काय सांगतो? डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३मध्ये लिहिले की कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या जागी राबत आल्या. दुसऱ्याच्या जागी सोसणे पवित्र ठरवणारी भाषा त्यांना मुक्त करणार नाही. पण जेम्स कोन यांनी २०११च्या पुस्तकात वधस्तंभ आणि अमेरिकेतल्या झुंडींनी ज्या झाडांवर कृष्णवर्णीयांना फासावर लटकवले ती झाडे शेजारी ठेवली, आणि त्याच वधस्तंभात आपल्या लोकांनी बळ शोधले याची साक्ष दिली. एकाच वेदनेतून निघालेल्या या दोन वाचनांत निवड करणे मला जमत नाही.

ब्रिटनमध्ये २००३ साली स्टीव्ह चॉक आणि अ‍ॅलन मान यांच्या पुस्तकाने इव्हँजेलिकल मंडळींत खळबळ उडवली. पिता रागावून पुत्राला शिक्षा करतो, हे चित्र बालछळाचे आहे असे त्यांचे म्हणणे होते. उत्तरादाखल २००७मध्ये दंडप्रतिनिधित्वाच्या, म्हणजे दोषीची शिक्षा ख्रिस्ताने सोसली या मांडणीच्या, बाजूने सविस्तर ग्रंथ आला. या बाजूची सर्वांत भरीव मांडणी मात्र मला जॉन स्टॉट यांच्या १९८६च्या पुस्तकात दिसते : इथे तिसऱ्या कोणाला शिक्षा होत नाही, न्यायाधीश स्वतःच आपल्या न्यायाचा भार उचलतो. टीकाकारांनी निदान हे रूप समोर ठेवून टीका करावी. वाद केवळ पंडितांचा नाही. २०१३मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या नव्या गीतसंग्रहातून एक लोकप्रिय गीत वगळले गेले, कारण त्यातली देवाच्या क्रोधाची ओळ बदलायला गीतकारांनी संमती दिली नाही.

भारतातले वाचन

आपल्याकडे हा वाद १८२०मध्येच पेटला होता. राममोहन रॉय यांनी येशूची नीतिवचने निवडून स्वतंत्र पुस्तक काढले आणि सुखशांतीसाठी ती पुरेशी आहेत असे म्हटले. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांना ते मान्य झाले नाही. प्रायश्चित्त काढून घेतले तर ख्रिस्ती धर्मात उरते काय, असा त्यांचा रोख होता. रॉय यांनी तीन जाहीर निवेदनांतून उत्तरे दिली. १८७५मध्ये कृष्णमोहन बॅनर्जी यांनी उलट दिशेने पूल बांधला. स्वतःलाच यज्ञात अर्पण करणारा वेदांतला प्रजापती हा ख्रिस्ताची पूर्वसूचना आहे, असे त्यांनी मांडले.

मराठीत थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्येच निघाले होते. नारायण वामन टिळकांच्या भक्तिपर रचनेत न्यायालय फारसे दिसत नाही. संतांच्या वाटेने आलेल्या या कवीला वधस्तंभावरचे प्रेम अधिक ओढून घेते. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. वधस्तंभावर देवानेच टाकून दिल्याची जी आर्त जाणीव येशूला झाली, ती त्यांनी दलितांच्या अनुभवाशी जोडली. त्यांच्या मांडणीत प्रश्न पापाच्या हिशेबाचा राहत नाही. देव कोणाच्या बाजूला उभा आहे, हा होतो.

काय उरले आहे

लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राचा बाप क्षमा करताना काहीच मागत नाही. मग देवाला मोल का लागावे? दुसरी बाजू म्हणते, मोल लागलेच, ते बापाने पोटात घातले. या एका दृष्टान्तावर दोन्ही पक्ष आपले म्हणणे टिकवून आहेत आणि कोणाचाही निर्णायक विजय झालेला नाही. इब्री पत्राविषयीही नवा प्रश्न आहे. डेव्हिड मॉफिट यांनी २०११मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की त्या पत्रात खरे अर्पण वधस्तंभावर होत नाही, पुनरुत्थित ख्रिस्त ते स्वर्गात नेऊन सादर करतो. लेवीय पुस्तकातही कापणे हा आरंभ आहे, रक्त आत नेणे हा गाभा. हे मान्य झाले तर केवळ मरणाभोवती रचलेल्या सगळ्याच मांडण्यांना पुन्हा विचार करावा लागेल.

तिसरा प्रश्न आपल्या भाषेचा आहे. ‘खंडणी’ म्हटले की आज वर्तमानपत्रातला गुन्हेगार आठवतो. ‘प्रायश्चित्त’ म्हटले की पापी माणसाने स्वतः भोगायची शिक्षा आठवते. ‘बलिदान’ म्हटले की हुतात्मा. ‘समेट’ हा पौलाचा लाडका शब्द मात्र प्रवचनांत मागे पडतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल उतरवले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४मध्ये छापले गेले. त्या कामाला शंभर वर्षे होऊन गेली. आता जे नवे भाषांतर करतील किंवा जुने तपासतील, त्यांना माझी एक विनंती आहे : रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘प्रायश्चित्त’ ठेवायचे तर ठेवा, पण तळटीपेत ‘दयासन’ हा शब्द जरूर छापा.